अर्धं पान झाकून

जास्वंदीचं पान गरम स्पिरिटमध्ये टाकलं की त्याचा हिरवा रंग निघून जातो आणि ते पांढरंफटक पडतं. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "शी! चांगलं जिवंत पान, आणि त्याची ही दशा? आणि तेही माझ्या दुधाच्या पातेल्यात!" पातेल्यात नुसतं गरम पाणी होतं आणि स्पिरिट वेगळ्या वाटीत होतं, पण ते आईला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. ताई वेताच्या मोड्यावर, त्या बुटक्या स्टुलावर, पाय पसरून बसली होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला भिलाईहून माहेरी आलेली, पोटावर चुरमुऱ्यांची वाटी ठेवून एकेक चुरमुरा तोंडात टाकत होती.

"करू दे गं तिला," ताई म्हणाली. "उद्या ही मोठी शास्त्रज्ञ झाली की तुझं पातेलं काचेच्या कपाटात ठेवतील. खाली पाटी लावतील, याच पातेल्यात आधी दूध उतू जायचं."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बाबा रेल्वेत, आणि त्यांची बदली होऊन आम्ही कोलकात्याला गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी बालीगंजकडच्या मुलींच्या कॉलेजात नुकतंच नाव घातलं होतं. विषय जीवशास्त्र. शिकवायला एक ठेंगण्या बंगाली बाई होत्या, त्यांना सगळ्या मुली दीदी म्हणायच्या. या दीदींनी पहिले कित्येक दिवस आम्हाला बेडकाचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. त्यांचं एकच टुमणं असायचं, "कसं कळलं?" झाडाला ऊन लागतं म्हटलं, की कसं कळलं? एकदा मी वैतागून म्हटलं, "पुस्तकात दिलंय म्हणून." तर हसल्या. म्हणाल्या, "पुस्तक लिहिणाऱ्याला कसं कळलं?" मला असा राग आला होता त्यांचा!

मग त्यांनी आम्हाला हा अर्ध्या पानाचा प्रयोग शिकवला. झाड आधी अंधारात ठेवायचं, मग एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने दोन्हीकडून झाकायचा, टाचणी लावायची आणि झाड उन्हात ठेवायचं. संध्याकाळी ते पान तोडून, उकळून, रंग काढून त्यावर आयोडिन टाकायचं. उन्हातली बाजू काळीनिळी होते, कारण तिथे पिठूळ अन्न तयार झालेलं असतं. झाकलेली बाजू तशीच पिवळट राहते. मला घरी करून बघायची हौस आली, आणि आयोडिन तर आमच्या औषधांच्या डब्यात होतंच.

पान अर्धं काळं झालं तेव्हा आई पोळी लाटायची सोडून बघायला आली. "अगं बाई! बरोब्बर निम्मंच की गं!" आणि लगेच तिची शंका, "पण हे कागदानेच झालं कशावरून? झाड आधीच आजारी असेल तर?"

"म्हणून तर एकाच पानाचे दोन भाग," मी म्हटलं. "माती तीच, पाणी तेच, झाड तेच. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट वेगळी करायची. मग जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीनेच."

आईने ते पान उजेडात धरून बघितलं. "हुशार आहेत हो तुमच्या बाई," ती म्हणाली. आईचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण एकदा डोक्यात गेलेली गोष्ट तिच्या डोक्यातून निघायची नाही.

थंडी पडायला लागली आणि ताईला मुलगा झाला. बाळंतपण नीट पार पडलं. आईच्या अंगात तर वारंच संचारलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, सगळं घर धुराने भरून जायचं. कोलकात्यात मराठी मालिशवाली कुठून आणणार? आणि परक्या बाईचा हात आईला चालणार नव्हता. तेव्हा बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. बाळाला खोबरेल. त्याचा डबा मामाने देशावरून येताना आणला होता, आणि तो फक्त बाळासाठी होता, आम्हाला केसाला लावायलासुद्धा मिळायचं नाही. ताईसाठी काय? वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकू म्हणाल्या, मोहरीचं तेल लावा, त्याने अंगात ऊब राहते, आम्ही सगळ्या तेच लावतो.

आमच्याकडे मोहरीचं तेल कधी आलेलंच नव्हतं. आमचं सगळं शेंगदाण्याच्या तेलावर. इतकी वर्षं बंगालात राहूनही बाबा त्या तेलाच्या फोडणीच्या वासाने नाकाला रुमाल लावायचे. पण अंगाला लावायला काय हरकत? आईने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून सुटं तेल डबाभर आणवलं. रोज सकाळी शेगडीजवळ दोन वाट्या तापायच्या. एक पांढरी वाटी बाळाची, एक पितळी वाटी ताईची. आधी बाळ, मग ताई. आई ताईचे पाय मांडीवर घेऊन घोट्यापासून वर असं चोळायची की ताई डोळे मिटून घ्यायची. "आई, मी आता सासरी जातच नाही बघ," म्हणायची. मग कढत पाण्याने अंघोळ, वर शेक. खोलीत तेलाचा तो झणझणीत वास दिवसभर राहायचा.

ताईचे पाय सुजायला लागले ते बाळाच्या बारशाच्या सुमारास. आधी कुणी मनावर घेतलं नाही. बाळंतिणीचे पाय येतात सुजून, होईल बरं. मग सूज वर चढली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. कातडी लाल, चकचकीत, हात लावला तरी दुखायची. शेवटी पायातली जोडवी इतकी रुतली की बोटं काळी पडायला लागली. बाबांनी हत्यारपेटीतली पक्कड आणली. ताई तोंडात पदर कोंबून बसली, आणि बाबांनी एकेक जोडवं कापून काढलं. आई देवाकडे तोंड करून उभी होती. सवाष्णीची जोडवी कापायची म्हणजे काय, ते तिच्या पाठीवरून कळत होतं.

आणि आईने काय केलं असेल? तेल वाढवलं! सकाळी लावायची ते संध्याकाळीही लावायला लागली. पाय दुखतात, चोळलं की बरं वाटतं, इतकं सरळ होतं ते. ताईच म्हणायची, "आई, जरा पाय चोळ ना." आणि आई हातातलं काम टाकून धावायची.

आमच्या भागातले डॉक्टर घरी आले. त्यांनी ताईचे पाय बघितले, छाती तपासली, आणि बाबांना विचारलं, "आप लोग सरसों का तेल खाते हैं?"

"बिलकुल नहीं," बाबा ताठ होत म्हणाले. "हमारे यहाँ मूंगफली का तेल चलता है. सरसों का तेल घर में पकता ही नहीं."

डॉक्टर म्हणाले, गोदीकडच्या वस्तीत बऱ्याच लोकांचे पाय असे सुजलेत, भेसळीच्या तेलाचा संशय आहे. पण तुम्ही ते खातच नाही म्हटल्यावर ते नसणार, मूत्रपिंड असेल. मीठ बंद करा. आणि औषध लिहून देऊन ते गेले.

आम्हाला हायसं वाटलं. खरंच वाटलं, काय सांगू! "बरं झालं बाई, आपण ते तेल खात नाही," आई म्हणाली, आणि पितळी वाटी शेगडीवर ठेवली. बाबा समोर होते, मी समोर होते. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं, आम्ही खाण्याबद्दल खरंखुरं उत्तर दिलं, आणि आम्ही मराठी माणसं काय खात नाही याचा आम्हाला किती तो अभिमान! आजही तो दिवस आठवला की मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

मीठ बंद केलं, सूज हलली नाही. ताईला जुलाब व्हायला लागले. चार पावलं चालली तरी दम लागायचा, उशा लावून बसून झोपायची. भिलाईला तार केली, पण भावजींना लगेच सुट्टी मिळेना. बाबा ऑफिसातून येऊन चपला न काढताच ताईच्या खोलीत जायचे आणि तसेच परत बाहेर यायचे. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. फक्त बाळ टाहो फोडायचं, दूध प्यायचं आणि झोपायचं. ते मात्र गुटगुटीत, गालावर गुलाबी.

मी काय करणार होते? सतरा वर्षांची मुलगी. मला एवढंच येत होतं, एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी ताईचं पाणी वेगळं उकळायला लागले. चार-पाच दिवस गेले, फरक नाही. मग भय्याचं दूध बंद करून बाटलीचं दूध आणलं. पुन्हा तितके दिवस. फरक नाही. मग डाळ. आई चिडायची, "तिला खायला काही राहू देशील की नाही?" आणि मला रडू यायचं, कारण पद्धत बरोबर होती, पण ती फार सावकाश चालत होती. पानाला काय, झाडाला दुसरं पान येतं. इथे एकेक गोष्ट तपासण्यात माझी बहीण डोळ्यांदेखत संपत चालली होती. सगळंच एकदम बंद करावं म्हटलं तर ती जगणार कशावर?

एका सकाळी मी दाराशी बसून आईकडे बघत होते. तिने बाळाला पायांवर घेतलं, पांढऱ्या वाटीतलं तेल लावलं, त्याचे पाय सायकलसारखे हलवले. बाळ हसलं. मग तिने त्याला माझ्याकडे दिलं आणि पितळी वाटी ओढली.

माझ्या हातात बाळ होतं. मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि लगेच भरून आला. हे तिचं दूध पितं, मी मनात म्हटलं. तिच्या कुशीत झोपतं, याच खोलीत, याच धुरीत. ती जे खाते ते दुधातून यालाही जातं. हा का नाही सुजत? ही झाकलेली बाजू आहे की उन्हातली? आणि माझी नजर त्या दोन वाट्यांवर गेली.

पण लगेच मनात दुसरं आलं, मग आई का नाही सुजली? तिच्या हाताला तर रोजच लागतं. मी बघितलं, तेल लावून झालं की ती लगेच उठायची आणि डाळीच्या पिठाने हात कोपरापर्यंत धुवायची, कारण तो वास तिला सोवळ्यात चालायचा नाही. ताईच्या अंगात मात्र ते जिरेपर्यंत चोळलं जायचं आणि वर शेक.

"आई, आज तेल नको लावूस," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? बाळंतिणीला तेल नको?"

"त्या तेलानेच होत असेल तर?"

आईचा हात थांबला नाही, पण आवाज चढला. "दोन बुकं वाचली नाहीस तोच मला शिकवायला आलीस? पाणी बंद, दूध बंद, डाळ बंद, आता तेल बंद! तेवढाच जरा आराम पडतो तिला, तोही बघवेना?"

"लावू दे गं," ताई उशीला टेकून म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून यायला लागला होता. "तेवढंच बरं वाटतं."

मला तरी कुठे कळलं होतं? मी शाईची रिकामी दौत धुतली, त्यात ते तेल ओतून घेतलं आणि कॉलेजला निघाले. तर त्या दिवशी बंद. बसेस नाहीत, ट्राम नाहीत, नाक्यावर पोलिसांची गाडी. त्या वर्षांत कोलकात्यात कधी काय बंद पडेल याचा नेम नसायचा. मी परत आले. दुसऱ्या दिवशी बस मिळाली, तर कॉलेजच्या फाटकाला कुलूप, परत कसला तरी संप. मी फाटकाला लाथ मारली. दरवान बघतच राहिला.

दीदींचं घर जवळ होतं. त्या बागेत काम करत होत्या, हात मातीने भरलेले. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आता विचारतील, कसं कळलं, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी विचारलं नाही. दौतीचं बूच काढून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला. रुळांच्या कडेला पिवळ्या फुलांचं काटेरी झाड असतं ना, त्या म्हणाल्या. आपल्याकडे ज्याला पिवळा धोत्रा म्हणतात, तेच. त्याचं बी थेट मोहरीसारखं दिसतं, मोहरीत मिसळलं गेलं तर तेलात विष उतरतं. खाल्लं तरी बाधतं, आणि कातडीतूनही आत जातं.

"चाचणी करायची ना?" मी विचारलं.

"चाचणी नंतर. आधी घरी पळ. तेल बंद कर."

मी पळाले. घराला कुलूप होतं. वरच्या काकू जिन्यात बाळाला घेऊन उभ्या होत्या. सकाळीच ताईचा श्वास अडकला, तिला हॉस्पिटलात नेलं, असं त्यांनी सांगितलं.

दीदींनी दुसऱ्या दिवशी दरवानाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली. तीन परीक्षानळ्या. एकीत आमचं शेंगदाण्याचं तेल, एकीत खोबरेल, एकीत दौतीतलं. तिन्हींत त्यांनी जपून नायट्रिक आम्ल सोडलं आणि हलवलं. दोन नळ्यांत तसलं काहीच झालं नाही. तिसरीच्या तळाशी तांबूस नारिंगी रंग उतरला. इतका सुंदर रंग होता तो! मला तो आजही विसरता येत नाही.

दीदी माझ्याबरोबर हॉस्पिटलात आल्या आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, उपचार बदलले. पण हृदय फार थकलंय, ते म्हणाले. कारण सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दीदींनी ते आम्हाला शिकवलं नव्हतं.

ताईजवळ मी एकटी बसले होते. तिला बोलायला त्रास व्हायचा, पण बोलली.

"कशाने झालं म्हणाले?"

"तेलाने. मालिशच्या तेलाने."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "आईला सांगू नका हं."

"ताई..."

"नका सांगू. ती मरेल गं. मी बरी झाले की मीच सांगेन तिला, हसत हसत. बाबांना पण सांग."

ती बरी झाली नाही. दोनच दिवसांनी सकाळी, आई तिच्यासाठी बिनमिठाची पेज घेऊन पोचायच्या आधी, ती गेली. भावजी संध्याकाळच्या गाडीने उतरले.

बाबांनी तेलाचा डबा गटारात ओतून टाकला. आईने ते गॅलरीतून बघितलं आणि काही विचारलं नाही. मला मात्र एकदा विचारलं, "त्या दिवशी दौतीत काय घेऊन गेली होतीस?" मी म्हटलं, "काही नाही, प्रॅक्टिकलला." मग भाजी निवडायला लागली. घरात येणाऱ्या बायका म्हणायच्या, बाळंतरोग हो, नशीब, दुसरं काय. आई हो म्हणायची. भावजी भिलाईला परत गेले आणि बाळ आमच्याकडे राहिलं. मी कॉलेजला जायला लागले. वर्गात तेव्हा हृदय शिकवत होते. मी वहीत चार कप्पे काढायचे, लाल आणि निळ्या पेन्सिलीने रंगवायचे, आणि घरी येऊन वही उघडायचे नाही.

तो महिना असाच गेला. आई बाबांच्या जुन्या सपाता घालून फिरायला लागली होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल. ती हळूहळू चालायची, भिंतीला धरून. मला वाटलं, दुःखाने.

बाळाला खोकला झाला. मी कॉलेजातून आले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. खोलीत आई खाली बसली होती, बाळ मांडीवर, त्याचं झबलं काढलेलं. शेगडीवर पितळी वाटी, त्यात लसूण तडतडत होती. आणि दारातच माझ्या नाकात तो वास शिरला.

"आई!" मी अशी किंचाळले की बाळ दचकून रडायला लागलं. "कुठून आणलंस ते?"

"ओरडू नकोस. डब्यातलंच आहे. त्यांनी ओतायच्या आधी मी बाटली भरून ठेवली होती." ती अगदी शांत होती. "छाती भरलीये याची. लसूण घालून चोळलं की कफ सुटतो. आणि तेलाने काही होत नाही. मी बघितलंय. हे बघ."

तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

दोन्ही पाय सुजले होते, लाल, चकचकीत. बोटांत जोडवी नव्हती. देव्हाऱ्यात हळदीकुंकवाशेजारी ती ठेवलेली मला तेव्हा दिसली. रुतायच्या आधीच तिने आपल्या हाताने काढली होती.

"तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवता ते मला कळत नाही असं वाटतं का? म्हणून मी तुझ्या पानासारखं केलं," आई म्हणाली. "डाव्या पायाला रोज हे तेल लावलं, ताईला लावायचे तसं, जिरेपर्यंत. शेकही घेतला. उजव्याला खोबरेल. बाकी सगळं सारखं, खाणं तेच, पाणी तेच. एकच गोष्ट वेगळी. बघ ना, दोन्ही सारखेच सुजलेत. तेलाने असतं तर डावाच सुजायला हवा होता. हो की नाही? मग उजवा कशाने सुजला? पाण्याने असेल, इथल्या हवेने असेल. पण माझ्या हाताने नव्हे. हो ना गं? सांग ना."

मी तिचा चेहरा असा कधीच बघितला नव्हता. ताई गेल्यापासून त्यावर काहीच नव्हतं, आणि आता एवढं होतं की मला बघवेना. किती नीट केलं होतं तिने सगळं! माझ्याकडून एकदाच ऐकून. चूक एवढीच, की पानावर ऊन जिथे पडतं तिथेच अन्न तयार होतं, आणि पाय म्हणजे पान नव्हे. ते कळायला पुढचा धडा शिकावा लागतो. तो मी शिकले होते, तिने नव्हता.

हो म्हटलं असतं तर? एवढंच तर मागत होती ती. ताईनेही तेच मागितलं होतं. पण वाटीतून वाफ येत होती, आणि बाळ उघडं तिच्या मांडीवर खोकत होतं.

मी आधी वाटी चिमट्याने उचलली आणि बाजूला ठेवली. मग तिच्या समोर बसले.

"आई, रक्त एकच असतं गं," मी म्हटलं. "डाव्या पायातलं हृदयात जातं, आणि तिथून उजव्यात. एका पायाला लावलं तरी ते सगळ्या अंगात फिरतं. म्हणून दोन्ही सुजले."

"कशावरून?"

मग मी सगळं सांगितलं. दौत, दीदी, तीन नळ्या, तो रंग. बोलून संपलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे संध्याकाळचं पण. मी संध्याकाळचं पण लावत होते."

तिने लुगडं खाली केलं, पाय झाकले. बाळ रडत होतं. तिने सवयीने खोबरेलाची पांढरी वाटी पुढे ओढली, त्यात बोटं बुडवली, आणि हात तसाच धरून बघत राहिली. तळहात, मग पालथा. मग ती बोटं पदराला पुसली आणि बाळाला उचलून माझ्या पायांवर ठेवलं.

"तू लाव," ती म्हणाली.

तिच्या पायांची सूज पुढे उतरली, जोडवीही परत बोटांत आली. पण बाळाला तेल लावायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. मी लावायला बसले की आई दारात येऊन उभी राहायची, हात पदराखाली घेऊन, आणि झालं की निघून जायची.